न आलेला निरोप

"…पण निरोप आलाच नाही, तर माझी चूक कशी, उस्ताद?"

उस्ताद बाज विणत होते. सुतळी ओढली, गाठ मारली, पुन्हा ओढली.

विचारणारी होती उज्ज्वला टेकाळे. वीज कंपनीत कार्यकारी अभियंता, वय अडतीस. पंधरा वर्षांपूर्वी नवी रुजू झाली तेव्हा सहा महिने याच माणसाच्या हाताखाली खांबावर चढायला शिकली होती.

उस्ताद म्हणजे बद्रुद्दीन. चौतीस वर्षं लाईनवर आणि सबस्टेशनात काढली. निवृत्त झाल्यावर शहरातलं घर मुलांवर सोडून या पिंपळदऱ्याच्या टेकडीवर, फकिरांच्या जुन्या तकियात येऊन राहिले. तालुक्यातले निम्मे लाईनमन त्यांचे चेले. लोक त्यांच्याकडे ताप, भांडणं, बदल्या, वाटेल ते घेऊन येत. उस्ताद बहुतेकांना पाणी देत आणि परत पाठवत.

उज्ज्वला पाणी पिऊनही गेली नव्हती. उद्या सकाळी अकरा वाजता तिला चौकशी अधिकाऱ्यापुढे लेखी जबाब द्यायचा होता. जबाब टाईप होऊन पिशवीत होता, सही तेवढी राहिली होती. सही करण्याआधी तिला या म्हाताऱ्याच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. तुझी चूक नाही. बावीस दिवस ती धड झोपली नव्हती.

"पुन्हा सांग," उस्ताद म्हणाले. "सावकाश सांग. मला तुमच्या त्या पेट्या काय कळत नाहीत."

हे साफ खोटं. त्यांना सगळं कळायचं. पण साहेब माणसाला स्वतःचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकवायचं असलं की उस्ताद असेच अडाणी व्हायचे.

उज्ज्वलाने सांगायला घेतलं.

"तार तुटून कोरड्या मुरमावर पडली तर सबस्टेशनाला पत्ता लागत नाही. हे तर तुम्हीच शिकवलं."

"हां. तार जमिनीवर जिवंत पडलेली, आणि इकडं काटा हलत नाही."

"म्हणून आम्ही खांबांवर पेट्या बसवल्या. पेटी तारेवर लक्ष ठेवते. तार तुटली की मोबाईलच्या नेटवर्कवरून सबस्टेशनाला निरोप पाठवते. निरोप आला की लाईन आपोआप बंद. माणसाचा हात लागत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

"वा."

"आणि सगळं नीट असेल तर दर मिनिटाला पेटी कळवते. ठीक आहे… ठीक आहे… ठीक आहे."

"आणि काहीच कळवलं नाही तर?"



"तर… लाईन चालू ठेवायची."

"असं कोणी ठरवलं?"

"तसा नियम आहे, उस्ताद."

उस्तादांनी मान डोलावली. तेवढ्यावर ते खूश झाले असावेत असं तिला वाटलं.

"मग? त्या दिवशी काय झालं?"

ते तिला पाठ होतं. बावीस दिवसांत चारशे वेळा तरी तिने ते मनात म्हटलं असेल.

संध्याकाळी पाच वाजता वादळी वारा सुटला. आधी पलीकडच्या लाईनचे खांब आडवे झाले आणि तिकडच्या मोबाईल टॉवरची वीज गेली. टॉवरच्या बॅटऱ्या जुन्या होत्या, त्या दहा मिनिटांत बसल्या. त्यानंतर वाघझरीच्या माळावर तार तुटली. पेटीने पाहिलं. पेटीने निरोप पाठवला. टॉवर मेलेला, तर निरोप जाणार कुठे?

पेटी निरोप पाठवत राहिली. चाळीस मिनिटं. नंतर खांबावरून उतरवली तेव्हा तिच्या आत सगळे निरोप नोंदलेले सापडले. चाळीस मिनिटांत दोनशे एकोणचाळीस वेळा ती म्हणाली होती, तार तुटली, तार तुटली.

सबस्टेशनातल्या पडद्यावर काहीच आलं नाही. नियमाप्रमाणे लाईन चालू राहिली.

"मग?"

"माळावर गयाबाई दराडे शेळ्या घेऊन परतत होती. आधी शेळी चिकटली. ती शेळीला ओढायला गेली."

वारा नव्हता. तकियाच्या छपरावर एक कावळा चालत होता, त्याच्या पायांचा पत्र्यावर आवाज होत होता.

"टॉवरवाले म्हणतात, तुमची वीज गेली म्हणून टॉवर मेला," उज्ज्वला म्हणाली. "आमचे साहेब म्हणतात, तुमचा टॉवर मेला म्हणून वीज बंद झाली नाही. दोघांचे कागद तयार आहेत, उस्ताद. दोघांचेही बरोबर आहेत."

"असणारच," उस्ताद म्हणाले. "कागद कधी चुकतो का?"

"थट्टा करू नका."

"नाही करत."

ती पुढे सरकली. तिचा आवाज आता घाईचा झाला होता.

"सुरुवातीला मी उलटा नियम ठेवला होता. निरोप नाही तर लाईन बंद. खरंच ठेवला होता, तारखा दाखवते. पण टॉवर दिवसाला दहादा जातो. एका दिवसात सतरा वेळा लाईट गेली. गिरण्या बंद, पाण्याच्या टाक्या रिकाम्या, शीतगृहातली द्राक्षं खराब झाली. एका मोठ्या घरच्या लग्नात अंधार झाला. वरून फोन आला, मॅडम, तुमची शाळा बंद करा आणि लाईट ठेवा. मग… मग मी नियम बदलला."

"तू बदललास."

"हो. आणि सगळे खूश झाले. वर्षभर लाईट गेली नाही. शाल मिळाली, नारळ मिळाला. माझी पद्धत चार जिल्ह्यांनी उचलली."

शेवटचं वाक्य बोलताना तिची मान किंचित ताठ झाली. सवय होती ती. दुसऱ्या क्षणी तिलाच त्याची लाज वाटली आणि ती पायाच्या नखांकडे पाहत राहिली.

"मी यंत्राला जसं सांगितलं तसं यंत्र वागलं. पेटी चुकली नाही, सबस्टेशन चुकलं नाही. फक्त मधला निरोप पोचला नाही. जो निरोप आलाच नाही त्याचं मी काय करणार होते? तुम्हीच सांगा. माझी चूक नाही ना?"

उस्ताद गप्प.

"उस्ताद?"

…

"तुम्ही नाही म्हणालात तर मी मानेन. तुमचं एकट्याचं मानेन. माझी चूक आहे का?"

…

सुतळी ओढली, गाठ मारली. उस्तादांनी वर पाहिलंही नाही.

उज्ज्वला वाट पाहत राहिली. मग तिच्या खांद्यांवरचा ताण हळूहळू उतरला. बावीस दिवसांत पहिल्यांदा तिने पुरता श्वास घेतला. तिचे डोळे भरून आले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "चूक असती तर तुम्ही सोडलं नसतं. तोंडावर बोलला असता."

तिने पिशवीतून जबाब काढला, गुडघ्यावर ठेवला. पेनचं टोपण काढलं. 'संपर्क यंत्रणा खंडित झाल्याने सदर दुर्घटना घडली' या ओळीखाली सहीची जागा होती. तिने पेन टेकवलं.

टेकवलं आणि तिचा हात तिथेच राहिला.

"कर ना सही," उस्ताद म्हणाले.

"तुम्ही… 'चूक नाही' असं म्हणाला नाहीत."

"'चूक आहे' असं तरी म्हणालो?"

कागदावर शाईचा ठिपका पडला होता, तो पसरत चालला. उज्ज्वला त्याच्याकडे पाहत होती. तिचा चेहरा उतरला. पेन तिच्या हातून सुटून बाजेखाली गेलं, ते उचलायचंही तिला भान राहिलं नाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही. आणि या वेळी त्या शांततेचा अर्थ लावायला ती धजली नाही.

मग तिला राग आला. माणूस सगळीकडून कोंडला की रागाचंच दार तेवढं उघडं असतं.

"तुमचं बरं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सरळ बंद करायचात. वारा सुटला की लाईनमन तारेखालून चालत निघायचे. दर अर्ध्या तासाने वाटेतल्या गावातून फोन. बघितली, ठीक आहे. फोन आला नाही की तुम्ही लाईन बंद. बस्स. अख्खा तालुका तुम्हाला अंधारे उस्ताद म्हणायचा. तीनदा बदली झाली, तरी तुम्ही सोडलं नाही. आम्हा पोरापोरींना केवढा अभिमान होता तुमचा! आवाज नाही तर लाईन नाही. तोच नियम बरोबर होता, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

उस्तादांचे हात थांबले.

"तुला कोणी सांगितलं नाही का?" ते म्हणाले.

"काय?"

"एकवीस वर्षं झाली. असाच वारा होता. मी ड्युटीवर. लाईनवर तुळशीराम होता. साडेतीनचा फोन आला. चारचा नाही आला. मी पाच मिनिटं थांबलो. मग बंद केली."

"बरोबरच केलंत."

"तुळशीराम गावात पोचला होता. फोनवाला कुलूप लावून लग्नाला गेलेला. तुळशीराम कुलपाला हात लावून परत दुसऱ्या गावाकडं पळत सुटला. पाऊण तास लागला त्याला."

"आणि लाईन?"

"लाईन कुठंच तुटली नव्हती."

उस्तादांनी सुतळीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"सरकारी दवाखान्यात एक पोरगी टेबलावर होती. बाळंतपण अडलेलं. पोट उघडलेलं. लाईट गेली. जनरेटर सुरू होईना. डॉक्टर बॅटरीच्या उजेडात… पाऊण तास. चोवीस वर्षांची होती. लेकरूही गेलं."



"चौकशीत मी सुटलो," उस्ताद म्हणाले. "नियमाप्रमाणे केलं होतं ना. शाबासकी देणार होते. मी म्हणलं, राहू द्या."

"ती… कुठली होती?"

"इथली. पिंपळदऱ्याची. बाप आहे अजून. तोलाजी सातपुते. खाली चिंचेला लागून घर आहे बघ, कौलं बसलेलं."

उज्ज्वलाने खाली पाहिलं. चिंच होती. घर होतं. अंगणात कोणी दिसत नव्हतं.

या टेकडीवर लोक उस्तादांना संत समजून नारळ ठेवून जात. इथेच का येऊन राहिलात, असं त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. तिनेही विचारलं नाही.

"म्हणजे चालू ठेवली तरी माणूस मरतं," ती हळूच म्हणाली. "बंद केली तरी मरतं."

…

"मग बरोबर काय, उस्ताद? मी कोणता नियम लिहू? चार जिल्ह्यांत आज, आत्ता, तोच नियम चालू आहे. दोन हजार पेट्या आहेत. त्यातल्या कितीतरी या क्षणाला गप्प असतील. त्यांच्याखालून कोण चाललंय मला माहीत नाही. उलटा केला तर कोणत्या टेबलावर कोण झोपलंय तेही माहीत नाही. मी काय करू?"

तिला वाटलं, आता तरी म्हातारा काही देईल. एखादा शब्द, एखादी वाट. उस्ताद तिच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत द्यायला काही नव्हतं. हे तिला दिसलं, आणि आजवर वाटली नव्हती एवढी भीती तिला त्या क्षणी वाटली. वरच्या माणसाकडे उत्तर असेल या भरवशावरच आपण सगळे खाली काम करत असतो.

ती वाकली. बाजेखालचं पेन घेतलं. जबाबातली ती ओळ तिने खोडली. वर बारीक अक्षरात लिहिलं: निरोप न आल्यास लाईन चालू ठेवावी हा नियम मी लिहिला. धोका मला माहीत होता. खाली सही केली. तारीख घातली.

नोकरी जाईल, हे तिला कळत होतं. हलकं वाटेल अशी तिची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. गयाबाई मेलेलीच होती.

तिने कागद उस्तादांपुढे धरला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण वाचला आणि परत दिला.

"हे कोणाला देणार?"

"चौकशी अधिकाऱ्यांना."

"आणि तिच्या घरी कोण आहे?"

"नवरा. भिवाजी दराडे. मुलं नाहीत."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. पंचनाम्याला बसला होता, शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. तलाठ्यांनी दोनदा विचारलं. मग लिहून टाकलं…"

ती अडखळली.

"काय लिहिलं?"

"तक्रार नाही."

उस्तादांनी तोंड फिरवलं. उज्ज्वलाने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तशीच बसून राहिली. तो पंचनामा तिने स्वतः वाचला होता. वाचून तिला बरं वाटलं होतं. चला, निदान नवऱ्याची तक्रार नाही, असं ती त्या दिवशी कार्यालयात मोठ्याने म्हणालीही होती.

"वाघझरी इथून किती लांब?" उस्तादांनी विचारलं.

"जीपने अर्धा तास."

"आज उजेड आहे अजून."

"तिथं जाऊन मी काय बोलू?"

"बोलायला तुला कोणी सांगितलं?"

"मग?"

"जाऊन बसायचं."

"हाकलून दिलं तर?"

"उद्या परत जायचं."

उज्ज्वला उठली. कागद पिशवीत ठेवला. चपला घातल्या. दारापर्यंत गेली आणि कुडाला धरून उभी राहिली. खाली जीपचा ड्रायव्हर तिला पाहून सावरून बसला.

"उस्ताद," ती पाठमोरीच म्हणाली. "मी बसेन. रोज जाईन. पण तो काही बोललाच नाही… कधीच बोलला नाही, तर त्याचं गप्प राहणं मी काय समजू?"

उस्तादांनी सुतळी हातात घेतली. ओढली नाही.

"मी इथं येऊन तेरा वर्षं झाली, बेटा. रोज सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. तोलाजी अजून बोललेला नाही."